बिनरोकड व्यवहार आणि हंगामी उत्पन्नाचा घरखर्च

परभणी हा मराठवाड्यातील शेतीप्रधान जिल्हा. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या ९ तालुक्यांच्या बाजारपेठा प्रामुख्याने कापूस व सोयाबीनवर चालतात. दसरा-दिवाळीपासून माल विक्रीस येतो आणि वर्षभराचा पैसा काही महिन्यांतच हाती पडतो. उत्पन्न हंगामी, खर्च मात्र रोजचा. अशा घरात पैसे देण्याची पद्धत बदलली की खर्चाची सवयही बदलते.

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये 'यूपीआय' प्रणाली सुरू केली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या. चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के हिस्सा या नोटांचा होता. ३० डिसेंबर २०१६ रोजी 'भीम' अ‍ॅप आले. जानेवारी २०२० पासून यूपीआयने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्यावरील शुल्क शून्य झाल्याने किरकोळ विक्रेत्यांनाही ही पद्धत परवडू लागली.

रोख रक्कम मोजून देताना मनाला जी टोचणी लागते, ती खर्चाला आवर घालते, असे अर्थमानसशास्त्र सांगते. अमेरिकेतील ड्राझेन प्रेलेक व डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्डाने पैसे देणाऱ्यांनी त्याच वस्तूसाठी रोखीने देणाऱ्यांपेक्षा बरीच अधिक, क्वचित दुपटीपर्यंत, बोली लावल्याचे दिसले. क्रेडिट कार्डाचे देणे पुढे ढकलले जाते, तर यूपीआयने रक्कम तत्काळ वजा होते. तरीही नोट हातातून जात नसल्याने टोचणी येथेही बोथट होते.

पूर्वी मालाचे पैसे रोखीने घरी आले की कृषी केंद्राची उधारी, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य आणि बी-बियाणे असे त्यांचे वाटे डोळ्यांसमोर पडत. आता भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वार्षिक ६००० रुपयेही खात्यातच येतात. खात्यात वाटे दिसत नाहीत; दिसतो तो एकच आकडा. शिवाय तालुक्याला जाऊन, रांगेत उभे राहून पैसे काढण्याचा त्रास हाही खर्चावरील एक लगामच होता. आता ते खाते खिशात आले आहे. चहा, रिचार्ज, हॉटेल अशा २०-५० रुपयांच्या खर्चाची बेरीज मनात राहत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. उधारीचा हिशेब पूर्वी बहुधा दुकानदाराच्या वहीतच असे. आता दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ग्राहकाकडेही राहते. सुट्या पैशांची अडचण आणि मोठी रोकड जवळ बाळगण्याची जोखीमही कमी झाली आहे.

यावर उपाय साधे आहेत. पेरणीचा व देण्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून ते खाते अ‍ॅपला न जोडणे, किरकोळ खर्चासाठी 'यूपीआय लाइट'मध्ये ठरावीक रक्कम भरणे आणि दर आठवड्याला व्यवहारांची यादी वाचून बेरीज करणे, एवढे केले तरी जुने वाटे पुन्हा दिसू लागतात. दिवाळीला भरलेले खाते मृगाच्या तोंडावर रिकामे झाले, तर बियाण्यासाठी पुन्हा उधारी किंवा सावकार गाठावा लागतो. लहानसहान खर्चाचा हिशेब ठेवायचा तो यासाठीच.