थेम्सच्या काठी जेवायचे कुठे? पाणी सर्वांचे, काठ मात्र मालकाचा

१/ नदीकाठी नाव बांधावी, झाडाखाली बसावे आणि शिदोरी सोडावी. यात कायद्याचा प्रश्न कुठून आला? जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या विनोदी पुस्तकात मात्र तो पहिल्याच दिवशी येतो. केम्प्टन पार्कच्या काठी तिघे मित्र पाव आणि मुरंबा खात बसलेले असतात. तेवढ्यात एक इसम येतो आणि आपण परक्याच्या जमिनीत शिरला आहात, याची त्यांना जाणीव करून देतो. त्याला खरे तर एक शिलिंग हवा असतो. हॅरिस त्याला पाव-मुरंबा देऊ करतो!

२/ प्रसंग हसण्याचा असला, तरी त्यामागची परिस्थिती खरी होती. व्हिक्टोरियन काळात थेम्सवर नौकाविहाराला निघालेल्या माणसाला जेवणाची जागा निवडताना चवीच्या आधी तीन प्रश्न पडत. इथे उतरता येईल का? आज, या वेळी, दार उघडे असेल का? आणि आपण पोहोचेपर्यंत जागा उरेल का? आजचा धागा या तीन प्रश्नांचा.

३/ नदीकाठ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर घाट उभा राहतो. वाईचा कृष्णाकाठ असो वा नाशिकचा गोदाकाठ, पायऱ्या सर्वांसाठी असतात. तिथे बसायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. ऑक्सफर्ड ते लंडन या टप्प्यातल्या थेम्सला असा घाट नाही. काठाला लागून शेते, कुरणे, बागा आणि श्रीमंतांच्या हवेल्या. पाण्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना. पण पाऊल जमिनीवर टेकले की ती जमीन कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

४/ मग सामान्य माणसाने उतरायचे कुठे? उत्तर होते 'इन', म्हणजे मुक्कामाची सोय असलेली जुनी खानावळ. या खानावळी सहलीसाठी बांधलेल्या नव्हत्या. रेल्वेपूर्वी थेम्स हा मालवाहतुकीचा मार्ग होता. धान्य, लाकूड, कोळसा यांनी लादलेले पडाव आधी माणसे आणि पुढे घोडे दोरखंडाने ओढत. जुन्या बांधाऱ्यांतून नाव न्यायची, तर बांधाच्या फळ्या काढून पाण्याचा लोंढा सोडावा लागे आणि त्या पाण्यासाठी तासन्‌तास खोळंबावे लागे. जिथे नाव थांबे तिथे माणूस थांबे, आणि जिथे माणूस थांबे तिथे चूल पेटे.

५/ म्हणूनच या खानावळी बहुधा बंधारा, पूल किंवा तर यांच्याजवळ सापडतात. क्लिफ्टन हॅम्पडन इथली 'बार्ली मो' ही गवताच्या छपराची खानावळ पाहा. १८६७ मध्ये पूल झाला, त्याआधी त्या ठिकाणी तर चालत असे. जेरोम यांनी आपल्या पुस्तकात या खानावळीचे तोंड भरून कौतुक केले आहे.

६/ १८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे मेडनहेडच्या परिसरात पोहोचली, १८४० मध्ये रेडिंगला आणि १८४४ मध्ये ऑक्सफर्डला. माल रुळांवर गेला, पडाव ओस पडू लागले, आणि खानावळींचे गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर आटले. पण ज्या रेल्वेने नावाड्यांचे पोट मारले, तिनेच लंडनहून नवे गिऱ्हाईक आणून दिले. १८५७ मध्ये हेन्लीपर्यंत फाटा झाला. तिथल्या नौकाशर्यती १८३९ पासून सुरूच होत्या. १८५८ मध्ये ऑक्सफर्डला सॉल्टर बंधूंचा नौकांचा व्यवसाय सुरू झाला, आणि १८८८ पासून त्यांच्या वाफेच्या बोटी ऑक्सफर्ड ते किंग्स्टन नियमित धावू लागल्या.

७/ नावाड्याला कोणती खानावळ चांगली, हे पिढीजात ठाऊक असे. लंडनच्या कारकुनाला ते कोण सांगणार? या गरजेतून मार्गदर्शक पुस्तके जन्मली. ऑक्सफर्डचे छायाचित्रकार हेन्री टॉन्ट यांनी १८७२ मध्ये थेम्सचा नकाशा छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. १८८० च्या सुमारास कादंबरीकार डिकन्स यांच्या थोरल्या मुलाने थेम्सचा एक कोश काढला. त्यात गावोगावची हॉटेले तर होतीच. शिवाय जवळचे लॉक, पूल आणि रेल्वे स्थानक यांचीही नोंद होती. भूक लागण्याआधीच मुक्काम ठरवता यावा, हा त्याचा खरा उपयोग.

८/ पहिला प्रश्न, उतरण्याचा. गर्दी वाढली तसे काठावरचे मालक आणि सहलकरी यांचे खटके उडू लागले. १८८५ मध्ये पार्लमेंटने थेम्स संरक्षण कायदा केला. टेडिंग्टन लॉकच्या वरची नदी सार्वजनिक विरंगुळ्याचे स्थान आहे, हे त्यात मान्य झाले. धंद्यासाठी असो वा मौजेसाठी, नावेतून फिरण्याचा आणि वाजवी वेळ थांबण्याचा हक्क लोकांना मिळाला. पण हा हक्क पाण्यावरचा होता, खासगी काठावर उतरण्याचा नव्हे. केम्प्टन पार्कचा प्रसंग या कायद्यानंतरच्या पुस्तकातला आहे, हे लक्षात घ्या.

९/ दुसरा प्रश्न, वेळेचा. कामकऱ्यांना सुट्टी रविवारची, आणि रविवारी दुपारी मद्यविक्री कायद्याने बंद. अपवाद होता खऱ्याखुऱ्या प्रवाशाचा. १८७४ च्या कायद्याने त्याची व्याख्याही केली. आदल्या रात्री ज्याचा मुक्काम किमान ३ मैल दूर होता, तोच प्रवासी. म्हणजे लंडनहून आलेल्या पाहुण्यासमोर बिअरचा पेला येई, आणि खानावळीच्या शेजारी राहणारा शेतमजूर दाराबाहेर राही. नदी ज्याच्या अंगणातून वाहते, त्याच्यापेक्षा दुरून येणाऱ्याचा मान मोठा ठरला.

१०/ तिसरा प्रश्न, जागेचा. १८७१ च्या कायद्याने ऑगस्टमध्ये बँकांना सुट्टी मिळाली, आणि त्या दिवसांत नदी माणसांनी फुलू लागली. जेरोम यांचा निवेदक अशाच एका जुन्या सहलीची आठवण सांगतो. डॅचेटला पोहोचल्यावर पहिले हॉटेल नाकारले, कारण दारावर त्याच्या मनातली फुलवेल नव्हती. दुसरे नाकारले, कारण दाराशी टेकलेल्या माणसाची चर्या हॅरिसला रुचली नाही. पुढे तिसरे हॉटेलच नव्हते! मुकाट्याने परत फिरले, तर दोन्ही भरलेली. दमलेल्या, भुकेल्या माणसाने वेलींवरून निवड करू नये, हा धडा आजही शिळा झालेला नाही.

११/ स्वतः रांधणे हा उपाय होताच. पण या पुस्तकात अननसाचा डबा उघडायला हत्यार नसते, आणि गार मांसाबरोबर खायला मोहरी नसते. अखेरीस परतीच्या वाटेवर पावसाने गांजलेले तिघे पँगबोर्नच्या 'स्वान'जवळ नाव सोडून चोरपावलांनी स्थानक गाठतात आणि लंडनच्या एका छोट्या उपाहारगृहात मनसोक्त जेवतात. जी रेल्वे त्यांच्यासारख्यांना नदीवर घेऊन आली, तीच त्यांना चांगल्या जेवणाकडे परत नेते.

१२/ आज थेम्सवर जाणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे? नकाशावर आधी लॉक आणि पूल शोधावेत. जुनी खानावळ बहुधा तिथेच असते. नाव बांधण्याची सोय आहे का, हे पदार्थांच्या यादीआधी विचारावे. हेन्लीच्या शर्यतींच्या आणि सुट्टीच्या दिवसांत जागा आधीच राखून ठेवावी. आणि पहिले बरे ठिकाण दिसताच, फुलवेलीची वाट न पाहता, आत शिरावे.

१३/ १९९६ मध्ये खुली झालेली 'थेम्स पाथ' ही पायवाट बऱ्याच अंशी पडाव ओढणाऱ्यांच्या जुन्या वाटेवरूनच जाते. तिच्या कडेच्या अनेक खानावळी आज सुबक झाल्या आहेत. पण ज्यांच्यासाठी त्या उभ्या राहिल्या, तो पडाववाला तिथे उरलेला नाही. खासगी काठांच्या या नदीवर सामान्य माणसाला टेकायला जी थोडी जागा मिळाली, ती बहुतांशी त्याच्या थांब्यांची आणि त्याच्या वाटेची आहे. एखाद्या नदीवर हक्क कोणाचा, हे समजून घ्यायचे असेल, तर तिच्या काठी कोण बसून जेवू शकतो, ते पाहावे.

(धागा समाप्त)