घरात ग्रो टेंट लावताय? आधी हवेचा आणि विजेचा हिशेब करा

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, गोव्याकडे गच्चीवरच्या कुंड्यांचे हाल होतात. कोथिंबीर सडते, मेथी आडवी पडते. तिकडे ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादला एप्रिल-मेमध्ये कोवळी रोपं करपून जातात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर बाराही महिने उन्हाची वानवा. म्हणून आता बरेच जण घरातच छोटा ग्रो टेंट लावायचा विचार करतात. पण खरेदीच्या वेळी सगळं लक्ष दिव्यावर जातं. टेंट चालतो की फसतो हे ठरतं ते हवा आणि वीजबिलावर.

टेंट म्हणजे नेमकं काय?

पाइपच्या सांगाड्यावर चढवलेला, चेन लावून बंद होणारा कापडी तंबू. आतून चकचकीत चंदेरी अस्तर असतं, त्यामुळे दिव्याचा उजेड वाया न जाता परत झाडावर पडतो. घरासाठी ६० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि १४० सेंमी उंच हे माप पुरतं. म्हणजे साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा. खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ तो बसतो.

दिवा किती वॉटचा?

पालेभाजी आणि रोपांसाठी या मापाला ६० ते १०० वॉटचा पांढरा, फुल स्पेक्ट्रम एलईडी बोर्ड पुष्कळ झाला. खोक्यावर '१००० वॉटच्या बरोबरीचा' असं काही छापलं असेल तर त्यावर जाऊ नका. प्रत्यक्षात वीज किती ओढतो तो आकडा बघा. दिवा शेंड्यापासून ३० ते ४५ सेंमी वर टांगा. रोपं लांबुडकी, फिकी झाली तर दिवा थोडा खाली घ्या. पानांच्या कडा वळल्या, रंग उडाला तर वर करा. टायमर लावाच. कोथिंबीर, मेथीला १२ तास बास. उजेड जास्त तास दिला आणि उकाडाही असला की कोथिंबीर लवकर फुलावर येते.

हवा: इथेच बहुतेक टेंट फसतात

वर सांगितलेल्या टेंटमध्ये साधारण अर्धा घनमीटर हवा मावते. ती दर मिनिटाला एकदा बदलायची तर तासाला ३० घनमीटर हवा ओढणारा पंखा लागतो. चार इंची एक्झॉस्ट फॅन हे काम सहज करतो. पंखा वरच्या भोकाला, हवा आत यायची झडप खालच्या बाजूला. पंखा चालू असताना टेंटचं कापड किंचित आत ओढलं गेलं तर समजा, जोडणी बरोबर आहे. बाहेर पडणारी हवा डक्टने थेट खिडकीबाहेर सोडा. नाहीतर दमट हवा खोलीतच फिरत राहते आणि भिंतीला बुरशी धरते.

दिवा चालू असताना आत ऊब असते, त्यामुळे दमटपणा जाणवत नाही. दिवा बंद झाला की गारवा येतो आणि पानांवर ओल धरते. म्हणून पावसाळ्यात पंखा रात्रीही चालू ठेवायचा. तो बंद केला की दोन पानांची रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. आत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टांगा. २० ते २८ अंश आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता, एवढं सांभाळा.

उत्तरेकडे आणि तेलंगणात उन्हाळ्यात अडचण उलटी. खोलीतच ३५ अंश असतील तर टेंटमध्ये त्याहून जास्त होणार. पंखा खोलीपेक्षा गार हवा आणू शकत नाही. अशा वेळी दिवा रात्री चालवा, नाहीतर मे महिनाभर टेंटला सुट्टी द्या.

बिल किती वाढेल?

८० वॉटचा दिवा १२ तास आणि २५ वॉटचा पंखा २४ तास धरला तर दिवसाला दीड युनिटच्या थोडं वर, महिन्याला सुमारे ४७ युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर ३३० रुपयांच्या आसपास.

खरी मेख सवलतीत आहे. कर्नाटकात गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. २०० च्या आत असलात तरी तुमच्या जुन्या सरासरीवर ठरलेल्या युनिटांपेक्षा जास्त वापराचे पैसे द्यावे लागतात. तेलंगणातही याच नावाची योजना आहे आणि मर्यादा २०० युनिटचीच. मध्य प्रदेशात अटल गृहज्योतीचा लाभ १५० युनिटपर्यंतच्या वापरालाच. म्हणजे बेळगावात १६५ युनिट जाळणारं घर टेंटमुळे २१२ वर जातं, इंदुरात १२० वालं १६७ वर. दोघांचीही सवलत जाते. आधी मागची बारा बिलं काढून बघा.

माती, पाणी आणि सुरक्षा

निम्मं धुतलेलं कोकोपीट, उरलेल्यात गांडूळखत आणि थोडं भाताचं तूस. धणे रगडून दोन करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिनाभरात कापणीला येते. कोथिंबिरीला सव्वा ते दीड महिना लागतो. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको, नाहीतर चिलटं होतात.

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, कुंड्यांच्या वर भिंतीला टांगा. थ्री-पिन, अर्थिंग आणि आरसीसीबी हवंच. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या: परवान्याशिवाय गांजा लावणं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, मग झाड एकच का असेना.

घ्यावा की नाही?

बाजारातली जुडी स्वस्त पडावी म्हणून घेत असाल तर हिशेब जुळणार नाही. पण घरात ऊन येत नाही, गच्चीवर माकडं काही ठेवत नाहीत किंवा मिरची-वांग्याची रोपं पावसाआधी तयार करायची आहेत, तर टेंट कामाचा आहे. वर्षभर चालवायचा हट्ट नको. तुमच्याकडचा अडचणीचा मोसम ओळखा, तेवढे तीन-चार महिने लावा, बाकीचे दिवस घडी करून ठेवा. बिलही आटोक्यात राहील.