शंभरांचा उंबरठा

सरकारी तपासनिसाने गिरणीत पाऊल टाकायचे की नाही हे एक आकडा ठरवतो, असे म्हटले तर फराळाला बसलेले वाचक हसतील. पण कारखान्यांच्या कायद्याचा इतिहास चाळताना मला तरी त्या आकड्याइतके बोलके दुसरे काही आढळले नाही.

१८८१ चा पहिला कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मूल कामावर घ्यायचे नाही, बारापर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे, एवढाच त्याचा जीव. वर्षाकाठी चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना तर साफ मोकळा! खानदेशातील सरकी काढण्याचे पुष्कळ जिन हंगामापुरतेच चालत. तेथे बायामाणसे रात्रंदिवस राबली तरी कायद्याच्या लेखी तो कारखानाच नव्हे. आणि पाहणी करणार कोण? स्वतंत्र तपासनीस नेमला नसेल तर जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट, म्हणजे कलेक्टरसाहेब. ज्याच्या माथी जमाबंदी आणि दुष्काळ, त्याने पोर सात वर्षांचे की साडेसहाचे हे ओळखावे!

पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांना असले कायदे म्हणजे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा कावा वाटे. तो संशय निराधार नव्हता. देशी गिरण्या महाग पडाव्यात ही त्या मंडळींची इच्छा उघड होती. पण त्यांचा कळवळा खोटा म्हणून पट्ट्यात सापडलेला हात काही खोटा ठरत नाही. हे बोलून दाखवले ‘दीनबंधु’ने. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले हे पत्र पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवू लागले. लोखंडे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. गिरणीत नोकरी केलेला माणूस, त्यामुळे तेथील हवा त्यांना ऐकून ठाऊक नव्हती. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामावर जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्यांत मागण्या होत्या. सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. मुंबईच्या गिरणी कामगाराचा रविवार तो हाच!

१८९१ च्या दुरुस्तीने शंभरांचे पन्नास झाले, १९२२ साली वीस, आणि १९४८ च्या कायद्याने यंत्र असेल तेथे दहा. मुंढव्याची कागद गिरणी किंवा १८९३ ची राजाबहादुर मोतीलाल मिल यांसारखे मोठे कारखाने तपासनिसाला दुरून दिसत. कसब्यातील तांबट आळीत मात्र दिवसभर हातोड्यांचे ठोके चालत. तेथे ना यंत्र ना शंभर माणसे, म्हणून तपासनीसही नाही.

२०२० च्या केंद्रीय संहितेत हाच आकडा दहावरून पुन्हा वीसवर गेला, आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ ही जोडपदवी मिळाली. ती मला फारशी रुचली नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका लहान कारखान्याला आग लागली. मेणबत्त्या भरीत बसलेल्या होत्या बायका. मृतांत बहुतेक त्याच.