अँतेन्याती ऑर्गन आणि फ्रेस्कोबाल्दीचे विसंवाद

संगीत नाटकाने आपल्याला परिचित करून दिलेला ऑर्गन पायपेटीच्या जातीचा, रीडवर वाजणारा. सोळाव्या शतकातल्या इटालियन चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा असे. ब्रेशियाच्या सान जुझेप्पे चर्चमध्ये ग्रात्सियादिओ अँतेन्याती याने १५८१ मध्ये बांधलेला असा ऑर्गन आजही उभा आहे. जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी (१५८३–१६४३) रोमच्या सेंट पीटर्समध्ये वाजवत असे. पण त्याच्या रचना समजून घ्यायला अँतेन्याती घराण्याचे हे वाद्य फार उपयोगी पडते. माझे प्रतिपादन असे की, त्या काळची सुरांची जुळणी हा या संगीताच्या रचनेचाच भाग आहे.

त्या काळी रूढ असलेल्या मीनटोन जुळणीचे वर्णन पिएत्रो आरोन याने १५२३ मध्ये केले. तिच्यात गंधार षड्जाशी ५:४ या शुद्ध प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर लावतात (सेंट म्हणजे समान अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार हाच. आजच्या पेटीत आणि पियानोत तो ४०० सेंटवर असतो, म्हणून पेटीचा गंधार चढा लागतो अशी आपल्या गायकांची तक्रार असते. या शुद्धतेची किंमत पंचम मोजतो. तो ७०२ ऐवजी सुमारे ६९७ सेंटवर उतरतो, आणि सगळी उरलेली तूट जी-शार्प व ई-फ्लॅट या दोन पट्ट्यांमध्ये साठते. तिथला पंचम सुमारे ७३७ सेंटचा, कानाला असह्य. काही कारागिरांनी काळी पट्टी दुभागून तिथे दोन वेगळे सूर बसवले. बहुतेक वेळा मात्र रचनाकारच त्या वाटेला जात नसत.

ऑर्गनवर हा फरक अधिक जाणवतो, कारण नळीचा सूर भात्याची हवा आहे तोवर विरत नाही. बेसूर गंधाराची आंदोलने स्वरमेळ टिकेपर्यंत ऐकू येतात. अँतेन्यातींच्या वाद्यात फिफ्फारो नावाचा नळ्यांचा एक संच मुख्य संचापासून किंचित ढळवून लावतात; दोन्ही एकत्र वाजले की सावकाश डोलणारा ध्वनी निघतो. ग्रात्सियादिओचा मुलगा कोस्तांझो याने १६०८ च्या ‘लार्ते ऑर्गानिका’त फिफ्फारो संथ, सूर जोडून वाजवावा असे सांगितले आहे. मूळ स्वरमेळ स्थिर असेल तरच हा डोल स्वतंत्र कळतो. गंधार आधीच थरथरत असेल, तर फिफ्फारोला काही अर्थच उरत नाही. माझ्या मते जुळणीच्या बाजूने हा सर्वांत बळकट पुरावा आहे.

आता ‘फियोरी म्युझिकाली’ (१६३५) हा फ्रेस्कोबाल्दीचा संग्रह पाहा. त्यातल्या रविवारच्या मिस्सेत पवित्र भाकरी उंचावण्याच्या क्षणासाठी एक क्रोमॅटिक, म्हणजे अर्ध्या सुरांनी सरकणारी, टोकाटा (मुक्त बांधणीची वाद्यरचना) आहे. विसंवादी सूर धरून ठेवायचा, शेजारच्याशी घासू द्यायचा, आणि मग सोडवायचा, अशी तिची चाल. मीनटोनमध्ये सी ते सी-शार्प हे अंतर सुमारे ७६ सेंट आणि सी-शार्प ते डी सुमारे ११७ सेंट. म्हणून अर्ध्या सुरांची चढती ओळ एकसारखी सरकत नाही. एक पाऊल अरुंद, पुढचे रुंद पडते. समान बारा भागांच्या सप्तकात ही दोन्ही पावले शंभर-शंभर सेंटची होतात आणि ओळ सपाट होते. त्याहून मोठे नुकसान सोडवणुकीत आहे. घर्षण संपून जिथे पोहोचायचे तो गंधार शुद्ध असेल तर ताण पूर्ण उतरतो. चौदा सेंट चढा असेल तर थोडा ताण तसाच राहतो.

बाखने १७१४ मध्ये या संग्रहाची स्वतःसाठी प्रत मिळवली होती, इतका त्याचा मान. फ्रेस्कोबाल्दीने टोकाटांच्या प्रस्तावनेत ताल घट्ट न धरता भावानुसार सैल करण्याची मुभा दिली आहे. ही मोकळीक वादक आवर्जून पाळतात, पण जुळणीकडे सहज दुर्लक्ष करतात. या संगीताचे ध्वनिमुद्रण निवडताना वादकाच्या नावाआधी ते कोणत्या वाद्यावर आणि कोणत्या जुळणीत झाले आहे ते पाहा.