कंबरदुखी : व्यायामाला वेदनेच्या समजुतीची जोड

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड हे संगोळ्ळी रायण्णा यांना 1831 साली जेथे फाशी देण्यात आली, ते गाव म्हणून इतिहासात नोंदले गेले आहे. आजचे नंदगड आणि त्याभोवतीचा परिसर भातशेतीवर जगतो. धूळवाफ पेरणीनंतरची भांगलण, जुलैच्या चिखलातील रोपलावण, सुगीतील कापणी, भारे वाहणे, मळणी अशी या शेतीची बहुतेक कामे कमरेत वाकून करावी लागतात. त्यामुळे ‘कंबर धरली’ किंवा ‘उसण भरली’ ही वाक्ये घरोघर ऐकू येतात. अशी दुखणी बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरतात. तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या दुखण्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात आणि खरा प्रश्न तिचाच असतो.

अशा रुग्णाचा प्रवास ठरावीक वाटेने होतो. गावात शेक आणि मालीश होते, मग खानापूर किंवा बेळगावला क्ष-किरण तपासणी, कधी पुढे एमआरआय. अहवालातील शब्द रुग्णाच्या कानावर पडतात ते ‘गादी झिजली’, ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’ अशा रूपात. त्या क्षणापासून तो वाकणे सोडतो, घागर उचलणे सोडतो, कमरेला पट्टा बांधतो. स्नायू अशक्त होतात, थोड्या हालचालीनेही दुखू लागते आणि मणका खराब झाल्याची खात्री अधिकच पक्की होते. रोपलावणीची मजुरी मोजक्या आठवड्यांचीच असते. तो हंगाम हुकला की वर्षाच्या कमाईतील मोठा वाटा जातो.

या भीतीला अहवाल वाटतो तितका आधार देत नाही. कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,110 व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातील 96 टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसते. विशीतल्या 30 टक्के लोकांची गादी फुगलेलीही आढळते, आणि त्यांना काहीही दुखत नसते. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. हे वाक्य अहवाल हाती देतानाच रुग्णाला ऐकवले, तर पुढचे बरेच नुकसान टळू शकते.

मग दुखते ते काय? शरीरातील मज्जातंतू धोक्याची सूचना पाठीच्या कण्यामार्गे मेंदूकडे नेतात. त्या सूचनेचे वेदनेत रूपांतर करायचे की नाही आणि किती, हे मेंदू ठरवतो. हे ठरवताना तो पूर्वीचे अनुभव, चिंता, झोप, ऐकलेली माहिती हे सारे जमेस धरतो. जंगलालगतच्या शेतात एकदा गवे शिरले की राखणीचा कुत्रा पुढे कित्येक रात्री पान हलले तरी भुंकतो. कुत्र्याचे भुंकणे खरे असते, पण शेतात गवा नसतो. जुनाट कंबरदुखीत मज्जासंस्था अशीच अतिसावध झालेली असते. वेदना खोटी किंवा मनाची नसते. मात्र तिच्या तीव्रतेवरून इजेचे माप काढता येत नाही.

ही समजूत आणि भौतिकोपचार एकत्र दिल्यास काय होते, याची चाचणी ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ लोरिमर मोझली यांनी घेतली आणि 2002 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुनाट कंबरदुखीच्या 57 रुग्णांपैकी एका गटाला चार आठवडे आठवड्यातून दोनदा भौतिकोपचार आणि एकदा तासाभराचे वेदनाशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाचे नेहमीचे वैद्यकीय उपचार चालू राहिले. पहिल्या गटाच्या वेदना व असमर्थता अधिक कमी झाल्या आणि तो लाभ वर्षभर टिकला. चाचणी लहान होती, शिवाय लाभातला किती वाटा शिक्षणाचा आणि किती व्यायामाचा हे तिच्यातून वेगळे काढता येत नाही. नुसत्या समजावण्याची मर्यादा पुढे दिसून आली. नव्याने कंबर धरलेल्या 202 रुग्णांवरील 2018 सालच्या चाचणीत सखोल वेदनाशिक्षण हे केवळ सहानुभूतीने ऐकून घेण्यापेक्षा वेदना कमी करण्यात सरस ठरले नाही.

नंदगडसारख्या गावाच्या दृष्टीने 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी अधिक उपयोगी आहे. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या 701 जणांपैकी एका गटाला सहा महिन्यांत भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सहा भेटी, टप्प्याटप्प्याने वाढवायचे चालणे आणि वेदनेविषयीची माहिती एवढेच देण्यात आले. दुखणे उलटेपर्यंतचा मध्यक काळ या गटात 208 दिवस, तर काहीच न दिलेल्या गटात 112 दिवस होता. यंत्रे लागली नाहीत. बेळगावला रोज बसने जाऊन ‘करंट’ आणि शेक घेण्यापेक्षा सहा महिन्यांत सहा फेऱ्या मजुराला परवडण्याजोग्या आहेत.

प्रत्यक्ष उपचारात पहिली भेट ऐकण्याची असते. रुग्णाला कशाची भीती वाटते आणि कोणते काम पुन्हा करायचे आहे, हे विचारले जाते. दैनंदिन असमर्थता मोजणाऱ्या ‘ऑस्वेस्ट्री’ प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तपासून 2013 साली प्रसिद्ध झालेली आहे, त्यामुळे प्रगती रुग्णाच्या भाषेत नोंदवता येते. लावणी हे ध्येय असेल तर घरीच खुर्चीवरून वाकणे, मग जमिनीवरची वस्तू उचलणे, मग बांधावर थोडा वेळ वाकून काम, अशी चढण ठरते. दुसऱ्या दिवशी थोडे ठणकले तर ते इजेचे लक्षण मानून सारे थांबवायचे नसते. प्रमाण किंचित कमी करून चालू ठेवायचे असते. शिक्षणाचा खरा उपयोग होतो तो या दुसऱ्या दिवशी. कारण ठाऊक नसलेला रुग्ण नेमका तेव्हाच व्यायाम सोडतो. सीमाभागात आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, कागदोपत्री कन्नड आणि अहवाल इंग्रजीत, अशा स्थितीत हे समजावणे रुग्णाच्या बोलीत झाले नाही, तर त्याच्या लक्षात ‘नस दबली’ एवढेच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके नित्याचे उपचार म्हणून नाकारली आहेत.

हे सारे लागू करण्याआधी गंभीर आजार नाही याची खात्री डॉक्टरांनी करायला हवी. लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काही घडल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसता वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना यांतही आधी तपासणी आणि मग व्यायाम, असाच क्रम असतो. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजूनही आढळतो, आणि त्यावरचे औषध वेगळे आहे.