दोन शपथा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ईशान्येकडील व्हरमाँट ह्या डोंगराळ संस्थानात मिडलबरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील महाविद्यालयात दर उन्हाळ्यात रशियन शिकावयास आलेले विद्यार्थी एका कागदावर सही करून शपथ घेतात की, सत्र संपेपर्यंत आपण रशियनखेरीज दुसरी भाषा बोलणार नाही. अगदी नवशिक्यास आरंभीचे काही दिवस थोडी सवलत असते, एवढेच. त्याचे सत्र आठ आठवड्यांचे. वर्गात, जेवणाच्या मेजावर, मैदानावर, सर्वत्र रशियन. घरी जो मनुष्य वकिली किंवा अध्यापन करीत असेल, त्यास येथे मिठाची वाटी मागावयाची तर बोटाने दाखवावी लागते. प्रौढपणी पुन्हा तान्हे होण्याचा हा प्रसंग पुष्कळांना असह्य होतो. परंतु सारा गुण ह्या असह्यपणातच आहे.

ह्या प्रघाताचे मूळ मात्र रशियन नव्हे. व्हॅसर महाविद्यालयातील अध्यापिका लिलियन स्ट्रोब ह्यांनी १९१५ साली मिडलबरीस जर्मन भाषेची उन्हाळी शाळा उघडली, तेथून ही परंपरा सुरू झाली. त्या काळी परभाषा शिकावयाची ती व्याकरण व भाषांतर ह्या मार्गाने. डॉ. भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेवरून ज्यांनी संस्कृतची रूपे घोकली, त्यांना तो मार्ग चांगला परिचयाचा आहे. त्याने ग्रंथ वाचता येतात. पाणी मागता येत नाही. गुरुशिष्यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि शिकावयाची तीच भाषा दिवसभर बोलावी, ही स्ट्रोबबाईंची पद्धत यशस्वी झाली व पाठोपाठ १९१६ साली फ्रेंच आणि १९१७ साली स्पॅनिश अशा आणखी दोन शाळा निघाल्या.

इतक्यात अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन भाषा हीच जणू शत्रूची हेर ठरली. जी शाळा सर्वांत आधी निघाली तीच १९१८ साली बंद पडली; तिची दारे पुन्हा उघडावयास १९३१ साल उजाडावे लागले. नेब्रास्का संस्थानाने तर आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वी मुलास परभाषा शिकविणे हा गुन्हा ठरविणारा कायदा १९१९ साली केला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलास जर्मन पुस्तकातून बायबलच्या गोष्टी शिकविल्या, तेवढ्यासाठी त्यास पंचवीस डॉलर दंड झाला. मेयर हटला नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. शिक्षकी पेशातील प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सरकारची दृष्टी नेमकी उलट फिरली. परदेशांत लढावयाचे व कारभार पाहावयाचा तर तेथली भाषा जाणणारी माणसे हवीत, आणि तशी माणसे देशात मिळेनात. तेव्हा १९४३ साली सैन्याने निरनिराळ्या विद्यापीठांत तरुण शिपायांचे वर्ग चालविले. सत्र बारा आठवड्यांचे. भाषेचे शिक्षण आठवड्यास सुमारे पंधरा तास. भाषाशास्त्रज्ञाने रचना उलगडून सांगावी आणि ती भाषा जन्मतः बोलणाऱ्याने ती शिपायांकडून वदवून घ्यावी, अशी ही विभागणी होती. रशियन भाषेस ह्या वर्गांत महत्त्वाचे स्थान होते, कारण रशिया त्या वेळी मित्रराष्ट्र होता. महायुद्ध अद्याप पुरते संपले नव्हते, त्या १९४५ च्या उन्हाळ्यात प्राध्यापक मिशा फेयर ह्यांनी मिडलबरीस रशियन शाळा स्थापन केली.

आता ही भाषा इंग्रजी बोलणाऱ्यास इतकी दुर्घट का वाटते? अक्षरे तेहेतीस, ती आठवड्यात येतात. खरी अडचण विभक्तींची. त्या सहा असून नाम, विशेषण, सर्वनाम, संख्यावाचक शब्द अशा सर्वांना लागतात. शिवाय प्रत्येक क्रियापदात क्रिया पुरी झाली की चालू होती हा भेद असतो. स्वराघात तर एकाच शब्दाच्या रूपांतही जागा बदलतो आणि आघात नसलेला ओकार अकारासारखा ऐकू येतो. मराठी श्रोत्यास मात्र येथे काही ओळखीच्या खुणा भेटतील. लिंगे तीनच. दोन म्हणजे 'द्वा', तीन म्हणजे 'त्री', भाऊ म्हणजे 'ब्रात', दार म्हणजे 'द्वेर्य', अग्नी म्हणजे 'अगोन्य' आणि हिवाळा म्हणजे 'झिमा', जो आपल्या 'हिम' शब्दाचा सख्खा भाऊ होय. ज्याने आठ विभक्ती पाठ केल्या, त्यास सहांचे भय कशाचे!

अमेरिकेत ही भाषा शिकविणाऱ्यांत १९१७ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेले पुष्कळ लोक होते. प्रसिद्ध कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह हे १९१९ साली देशत्याग केलेले. १९४१ ते १९४८ पर्यंत वेल्सली महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थिनींना रशियन शिकविले आणि पुढे असल्याच एका निर्वासित अध्यापकावर 'प्निन' ही कादंबरी लिहिली, ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. १९१८ साली नव्या राजवटीने लेखनपद्धती बदलून काही जुनी अक्षरे काढून टाकली. कित्येक निर्वासितांनी ती जुनी पद्धत हट्टाने जपली. त्यांच्या जन्मगावाचे सेंट पीटर्सबर्ग हे नावसुद्धा प्रथम पेट्रोग्राड, मग लेनिनग्राड असे पालटून गेले होते. घर गेले, गावाचे नाव गेले. उरलेली भाषा ते परक्यांच्या मुलांना देत राहिले.

ह्या शाळांना द्रव्याचे खरे पाठबळ मिळाले ते भयामुळे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने 'स्पुटनिक' हा कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षणाचा कायदा झाला व त्यातून परभाषांच्या अध्ययनासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. मात्र हा पैसा घेणाऱ्या विद्यार्थ्यास एक प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागे: सरकार बळाने उलथून पाडू पाहणाऱ्या कोणत्याही संघटनेवर आपला विश्वास नाही व तीस आपला पाठिंबा नाही. म्हणजे मिडलबरीत इंग्रजी न बोलण्याची शपथ घ्यावयाची आणि ह्या शिष्यवृत्तीसाठी निष्ठेची शपथ इंग्रजीतून घ्यावयाची! संशय मुळात भाषेचा नव्हता हे खरे. पण तो पडे भाषा शिकणाऱ्यावरच. हार्वर्ड व येल ह्यांसारख्या विद्यापीठांनी ह्या अटीच्या निषेधार्थ १९५९ साली त्या कायद्याखालील कर्जयोजनेतून अंग काढून घेतले. अखेर १९६२ साली हे प्रतिज्ञापत्र रद्द झाले.

एका उन्हाळ्यात रशियन येते काय? अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याच्या हिशेबाप्रमाणे कामकाजापुरती रशियन येण्यास सुमारे अकराशे तासांचे अध्यापन लागते. रोज चार तास धरले तरी आठ आठवड्यांत वर्गाचे तास भरतात अवघे एकशेसाठ. बाकीची भर मेजावरील गप्पांनी, नाटकाच्या तालमींनी आणि रात्रीच्या गाण्यांनी घालावयाची, हा त्या पहिल्या शपथेचा व्यवहारी अर्थ. एका उन्हाळ्यात विद्यापीठातील वर्षभराचा अभ्यास उरकतो, असे ह्या शाळा चालविणारे सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. त्याहून अधिकाची आशा धरणारा फसतो.

सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला. भय ओसरले, तशी अमेरिकेतील रशियन शिकणाऱ्यांची संख्याही ओसरली. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर रशियात जाऊन शिकणे अमेरिकन विद्यार्थ्यास कठीण झाले. व्हरमाँटमधील सत्र आटोपल्यावर रस्त्यावरची रशियन कानी पडावी म्हणून ह्या भाषेचे विद्यार्थी आता कझाकस्तान, आर्मेनिया अशा देशांची वाट धरतात.