पाण्याच्या अहवालाची खरी परीक्षा विहिरीच्या काठावर

बीड : विहिरीचे पाणी दूषित झाल्याची तक्रार झाली, की साऱ्या गावाचे लक्ष प्रयोगशाळेच्या अहवालाकडे लागते. मात्र, हा अहवाल किती विश्वासार्ह ठरणार, हे बव्हंशी नमुना घेतानाच निश्चित होते. सदोष नमुन्यामुळे दूषित पाणी निर्दोष ठरू शकते किंवा चांगली विहीर बंद पडू शकते. विहिरी आणि विंधनविहिरींवर तहान भागविणाऱ्या बीड जिल्ह्यात या दोन्ही चुका महागात पडणाऱ्या आहेत.

विहिरींची निवड
बालाघाटच्या उत्तरेकडील पाणी सिंदफणेमार्गे गोदावरीकडे, तर दक्षिणेकडील मांजरेकडे वाहते. येथील काळ्या पाषाणात भूजल मुरमाच्या थरातून व खडकाच्या भेगांतून पुढे सरकते. त्यामुळे कारखान्याला सर्वांत जवळची विहीरच सर्वाधिक दूषित असेल, असे नाही. परिसरातील किमान तीन विहिरींची पाणीपातळी मोजून प्रवाहाची दिशा ठरविली जाते. त्यानंतर प्रवाहाच्या वरच्या बाजूची एक आणि खालच्या बाजूच्या काही विहिरी निवडण्यात येतात. नमुने स्वच्छ विहिरीपासून दूषित विहिरीकडे, याच क्रमाने घ्यावेत.

आधी उपसा, मग नमुना
विंधनविहिरीत साचून राहिलेले पाणी खडकातील पाण्याचे खरे स्वरूप दाखवीत नाही. म्हणून पातळी मोजल्यानंतर साठ्याच्या तिप्पट पाणी उपसण्याचा प्रघात आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या विंधनविहिरीत प्रत्येक मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी असते. पाण्याचा स्तंभ ५० मीटरचा असल्यास सुमारे २,६५० लिटर पाणी उपसावे लागते. सेकंदाला एक लिटर पाणी देणाऱ्या पंपास त्यासाठी पाऊण तास लागतो. तापमान, सामू व विद्युतवाहकता यांची लागोपाठची तीन मापे स्थिर राहिली, की नमुना भरण्यास हरकत नसते. उन्हाळ्यात विंधनविहीर मध्येच कोरडी पडल्यास नव्याने झिरपलेले पाणी घ्यावे.

उघड्या विहिरीस हा नियम लावता येत नाही. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असले, तरी साठा सुमारे ८५ हजार लिटर भरतो. त्यामुळे रोज उपसा होणारी विहीर निवडून, पृष्ठभागावरील तवंग व कचरा टाळून, पाण्याच्या आतून नमुना घेतात.

प्रत्येक तपासणीची बाटली वेगळी
क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची, तर जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. जड धातूंचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात. पेट्रोल-डिझेलची गळती तपासताना काचेची कुपी हवेचा बुडबुडा न राहू देता भरावी लागते. जिवाणूंचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, उशिरात उशिरा २४ तासांत प्रयोगशाळेत पोचविणे आवश्यक असते. नायट्रेटचा नमुनाही थंड ठेवावा लागतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे.

बाटलीवर विहिरीचे ठिकाण, तारीख, वेळ व नमुना घेणाऱ्याचे नाव लिहून ती मोहोरबंद करण्यात येते. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला, याची लेखी नोंदही ठेवतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली पाठविल्यास हाताळणीतील दोष लक्षात येतो.

कायद्याची अट
जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९७४ च्या कलम २१ अन्वये प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेतो, तेव्हा संबंधितास तशी सूचना देणे, त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करणे आणि ते मोहोरबंद करून दोघांच्या स्वाक्षऱ्या घेणे, अशी पद्धत घालून दिली आहे. ती न पाळल्यास त्या तपासणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्याने शंका व्यक्त करता येते; ती सिद्ध करता येत नाही. म्हणूनच तक्रार असलेल्या गावाने नमुना घेतला जात असताना विहिरीवर हजर राहणे आणि उपसा, बाटली व मोहोर या तीन गोष्टी स्वतः पाहणे हिताचे ठरते.